गाठ दाखवली, पुढे काय?

ऑक्टोबर आला की स्तनांच्या कॅन्सरवरून आपल्याकडे एक वाद हटकून पेटतो. शाळा-कॉलेजातल्या मुलींना स्वतःच्या स्तनांची तपासणी शिकवावी की नाही? एक बाजू म्हणते, नववीतल्या पोरींसमोर हे काय भलतंच, घरी आई सांगेल काय ते. दुसरी बाजू चिडून म्हणते, तुमच्या या सोवळ्यापायीच बायका मरतात. लाज सोडा, महिन्यातून एकदा आरशासमोर उभ्या राहा, जीव वाचेल. मग गुलाबी फिती, गुलाबी टी-शर्ट, एखादी पहाटेची दौड, उद्घाटनाला पाहुणे, आणि दिवाळीनंतर सगळं शांत. या भांडणात दोन्ही पक्षांनी न बोलता एक गोष्ट मान्य करून टाकलेली असते: खोट बाईच्या मनात आहे. एकाला तिची लाज जपायची आहे, दुसऱ्याला ती घालवायची आहे. ती लाज बाजूला ठेवून ती खरोखरच दवाखान्याच्या दारात उभी राहिली तर आत तिच्यासाठी काय आहे, हे विचारायला कुणाला सवड नसते.

मला वाटतं, खरा प्रश्न तिथून पुढे आहे. गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरांना दाखवेपर्यंत जे दिवस जातात त्यांवर आपण भरपूर बोललो. दाखवल्यापासून गाठीत सुई घालून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट हाती पडेपर्यंत आणि तिथून उपचार सुरू होईपर्यंत जे दिवस जातात, त्यांचा हिशेब कुणी मागत नाही. लवकर निदानाची जबाबदारी आधी आरोग्यव्यवस्थेवर टाकली पाहिजे, बाईवर नंतर. आणि शाळकरी मुलींवर तर मुळीच टाकू नये. जनजागृतीच्या मोहिमा आज हा क्रम उलटा लावतात, आणि तो उलटा लावल्याने कुणाचं काही अडत नाही, म्हणून त्या इतक्या लोकप्रिय आहेत.

समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनांच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रुग्णांची संख्या पावणेतीन लाखांच्या आसपास आणि मृत्यू ४३ हजारांच्या घरात. त्यांच्या आकड्यात मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेने हुडकलेले, कदाचित कधीच त्रास न देणारे कॅन्सरही मोजलेले आहेत. ते धरूनसुद्धा ही तफावत लपत नाही. आपल्याकडे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक बायका येतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. लाजही खरी आहे. घरात छातीचं नाव काढायचं नाही, नवऱ्याला सांगायला धीर होत नाही, पोरीचं लग्न ठरत आलंय, सुगी तोंडावर आहे, आणि गाठ तर दुखतही नाही. ‘सुई लावली की पसरतो’ ही समजूत तर सुशिक्षित घरांतही ऐकू येते. हे सगळं नाकारण्यात अर्थ नाही.

पण लाजेवर उतारा काय, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी सेरामपूरच्या कॉलेजात उभ्या राहून आपण अमेरिकेला का जातोय ते सांगत होत्या. पुरुष डॉक्टरपुढे बायका मोकळेपणाने बोलत नाहीत आणि अंगावर दुखणी काढतात, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. आनंदीबाईंनी त्यावरून बायकांना धीट होण्याचे धडे दिले नाहीत. इथे स्त्री डॉक्टर हव्यात, म्हणून मी ते शिक्षण घ्यायला निघालेय, असं सांगितलं. त्याच सुमारास मुंबईत सोराबजी शापुरजी बेंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभा केला, इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची यांना बोलावून घेतलं, आणि १८८६ मध्ये स्त्री डॉक्टरांनी चालवलेलं कामा हॉस्पिटल सुरू झालं. पुढे डॉ. रखमाबाईही तिथे काही काळ होत्या. बायका आल्या. त्यांची लाज काही त्या वर्षात गळून पडली नव्हती. तिला सांभाळून घेणारी जागा तयार झाली होती, एवढंच. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना हे कळलं त्यांच्या शहरात आज आपण भाषणं देतोय की बायकांनो, लाजू नका.

आता स्वतःच्या तपासणीकडे येऊ, कारण सगळ्या मोहिमेचा तोच कणा आहे. दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःचे स्तन चाचपले तर मृत्यू कमी होतात का, हे जगात एका ठिकाणी अतिशय नेटाने तपासलं गेलं. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रिया त्यात होत्या. १९८९ पासून निम्म्या गिरण्यांतल्या स्त्रियांना गटागटाने शिकवलं, सिलिकॉनच्या स्तनांवर सराव करून घेतला, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली, त्यांच्यावर देखरेखही ठेवली. आपल्या कुठल्या कॉलेजातली अर्ध्या तासाची कार्यशाळा याच्या जवळपास तरी जाईल? २००२ साली निकाल छापून आला. शिकवलेल्या गटात १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. फरक शून्य. वाढलं काय, तर निरुपद्रवी गाठींवरच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या.

याचा अर्थ बाईने स्वतःच्या शरीराकडे पाहू नये, असा कुणी काढू नये. नवी गाठ, काखेतली गाठ, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, एका बाजूचा बदललेला आकार: यातलं काहीही दिसलं तर दाखवायला जायचं, दुखत नसलं तरी, किंबहुना दुखत नसलं तर अधिकच. हे प्रत्येक बाईला ठाऊक हवं आणि ते सांगायला पाच मिनिटं पुरतात. त्यापुढे जाऊन तारीख लावून महिन्याचा विधी बसवायचा आणि तो चुकला तर ‘तुम्हीच हयगय केलीत’ असं सुचवायचं, याला आधार नाही. आणि नववीतली मुलगी? तिच्या वयात हा कॅन्सर इतका दुर्मीळ असतो की तो शोधायला लावणं म्हणजे तिला फक्त धास्ती देणं. तिच्या हाताला गाठ लागलीच, तर ती बहुधा फायब्रोअॅडिनोमा असेल, ज्याने जिवाला धोका नाही. तिला शाळेत पाळी शिकवा, वाढत्या वयात दोन्ही बाजू थोड्या लहानमोठ्या असणं नॉर्मल आहे हे सांगा, अंगाविषयी बोलायला लागतात ते शब्द द्या. संस्कृतिरक्षकांचं मुलींच्या शिकवणीला ‘नको’ म्हणणं चुकीच्या कारणासाठी आहे. पण उत्साही मंडळींचं ‘हवं’ही तितक्याच चुकीच्या कारणासाठी आहे.

मग मॅमोग्राफी? इथे समोरची बाजू सर्वांत भक्कम आहे. स्वीडनमध्ये १९७७ पासून दोन परगण्यांत झालेल्या प्रयोगात मॅमोग्राफीला बोलावलेल्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करण्याची शिफारस केली. तेव्हा गावोगाव व्हॅन पाठवायला हरकत काय? हरकत अशी की मॅमोग्राम ही एक तपासणी आहे, तिच्यामागे दहा पायऱ्यांचा जिना असतो, आणि व्हॅन फक्त पहिली पायरी घेऊन गावात येते. संशयित सावली दिसली की पुन्हा फोटो, सोनोग्राफी, मग सुई, मग पॅथॉलॉजिस्ट. यातलं काहीही गावात नसेल तर व्हॅनने बाईला फक्त काळजी दिली. शिवाय तपासणीचा धंदा आंधळेपणाने वाढवला की काय होतं ते दक्षिण कोरियात दिसलं. तिथे १९९९ नंतर कॅन्सर-तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचा आकडा जागचा हलला नाही. हजारो लोकांचे गळे विनाकारण कापले गेले.

व्हॅनवाले त्यावर म्हणतात, आपल्याकडे हा कॅन्सर तरुण वयात होतो, म्हणून इथे तपासणी आणखी लवकर हवी. भारतातल्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा दहाएक वर्षांनी कमी भरतं, हे खरं. पण जिथे लोकसंख्याच तरुण आहे तिथे कुठल्याही आजाराच्या रुग्णांचं सरासरी वय खाली येणारच. धोका आपल्याकडेही वयाबरोबर वाढतोच. आणि तरुण स्त्रीच्या स्तनांतल्या ऊती दाट असल्याने मॅमोग्राममध्ये गाठ नीट दिसत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी यंत्र हवं म्हणतात, त्याच कारणाने ते कमी उपयोगी पडतं.

आपल्या परिस्थितीला उत्तर आपल्याच शहरात शोधलं गेलं, आणि त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही याचं मला नवल वाटतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन हाताने स्तन तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या निम्म्या वस्त्यांना काय दिलं होतं? कॅन्सरची माहिती. एकदाच झालेलं जागृतीचं सत्र. म्हणजे ज्या वादाने आपण दर ऑक्टोबरात घसा कोरडा करतो, त्याची एका अर्थी परीक्षाच झाली: नुसती जागृती एका बाजूला, जागृती आणि शिकलेल्या बाईचा हात दुसऱ्या बाजूला. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हाताने तपासलेल्या वस्त्यांमध्ये पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ३७ टक्के, नुसती माहिती दिलेल्या वस्त्यांमध्ये ४७ टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. यंत्र नाही, वीज नाही, व्हॅन नाही.

या निकालाचीही मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नव्हे. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, आणि सगळ्या वयांचा मिळून आलेला १५ टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. शिवाय या बायकांच्या मागे टाटासारखं रुग्णालय उभं होतं. गाठ सापडली की पुढचा रस्ता ठरलेला होता. माझ्या लेखी हाच या प्रयोगाचा अर्धा धडा आहे, आणि नेमका तोच आपण विसरलो.

सरकारने २०१६ मध्ये कार्यक्रम आखला: तिशीपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित सेविकेकडून स्तनतपासणी, बरोबर तोंडाची आणि गर्भाशयमुखाची. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात स्तनातली गाठ, स्तनाग्रातून येणारं रक्त, आकारातला बदल हे प्रश्नही आहेत. कागदावर हे आनंदीबाईंना आवडलं असतं. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगणाऱ्या शेकड्यात एकसुद्धा भरल्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहून, सासरे आणि दीर ऐकत असताना विचारलेल्या प्रश्नाला बाई काय उत्तर देणार? आणि आशाताईंनी तरी कोणत्या तोंडाने खोलात जाऊन विचारावं, ‘हो’ म्हणणारीला पुढे कुठे न्यायचं हे त्यांनाच ठाऊक नसेल तर?

त्या ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचा प्रवास एकदा मनात रेखून पाहा. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय. सर्जन बुधवारी येतात. ते सोनोग्राफी लिहून देतात. ती बाहेरून करायची. मग जिल्ह्याला सुईसाठी. रिपोर्टला परत. प्रत्येक खेपेला रोजगार बुडतो, एसटीचं भाडं जातं, सोबत कुणीतरी लागतं. मधेच एखादा जवळचा डॉक्टर म्हणतो, ‘दुखत नाही ना? मग घाबरायचं कारण नाही.’ दुसरा कुणी गाठ विरघळवायचं औषध देतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा मोठा आधार आहे, पण तो कॅन्सर ठरल्यावर. कॅन्सर आहे की नाही हे ठरेपर्यंतचा खर्च बहुधा स्वतःच्याच पदरचा. या बाईला ‘उशिरा आली’ असं केसपेपरवर लिहिलं जातं. उशीर कुणी केला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या आजारासाठी तीन साधी मोजमापं ठेवली: ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत सापडावेत, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत पार पडावेत. मधलं मोजमाप पुन्हा वाचा. साठ दिवस बाईने मोजायचे नाहीत, व्यवस्थेने मोजायचे आहेत. ब्रिटनने १९९९ मध्येच स्तनांच्या कॅन्सरचा संशय असलेल्या स्त्रीला दोन आठवड्यांत तज्ज्ञाकडे पोचवण्याचं बंधन स्वतःवर घालून घेतलं. त्यातून निरुपद्रवी गाठींचीच गर्दी झाली, अशी टीका तिथेही झाली, आणि ती खोटी नव्हती. पण निरुपद्रवी गाठ असलेल्या बाईला ‘काही नाही’ हे दोन महिन्यांऐवजी दोन आठवड्यांत कळणं, हेही आरोग्यसेवेचंच काम नव्हे का? महाराष्ट्रात कुठल्या जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर हा आकडा लावलेला तुम्ही पाहिलाय? शिबिरं किती झाली, पत्रकं किती वाटली, हे आकडे मात्र दर मोहिमेनंतर पेपरात येतात.

जागृतीच्या बाजूने एक दाखला माझ्या विरोधात जातो, आणि तो थेट सोलापूर जिल्ह्यातला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, माणसं जमवून लक्षणं सांगत, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. म्हणजे जागृतीने काम केलंच की! केलं, यात शंका नाही. पण ते कार्यकर्ते कुणाचे होते? हाकेच्या अंतरावरच्या कॅन्सर रुग्णालयाचे. गावात येऊन बोलणारा माणूस पुढच्या खेपेलाही येणार होता, नाव लिहून घेणार होता, आणि बार्शीला गेल्यावर ओळखीचं कुणीतरी भेटणार होतं. जागृतीच्या जाहिरातफलकावरच्या नटीचं तसं नसतं.

भीतीबद्दलही थोडं. बायका घाबरतात ते अज्ञानामुळे, हे शहरी गृहीतक मला पटत नाही. हाल्स्टेड या अमेरिकन सर्जनच्या पद्धतीने स्तन, खालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं एकत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया जगभर जवळपास ऐंशी वर्षं चालली. बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी त्याच्या थोडं आधी दाखवून दिलं की गाठ लहान असेल तर तेवढीच काढून पुढे रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. लवकर या, स्तन वाचेल, हे आश्वासन इथून आलं. पण त्यातली रेडिएशनची अट आपण गाळतो. हे उपचार पूर्वी पाच-सहा आठवडे चालत, आता बहुतेक ठिकाणी तीन. तरी रोज मशीनपाशी जावं लागतं. मशीन दोन जिल्हे पलीकडे असेल तर लवकर आलेल्या बाईलाही पूर्ण स्तन काढण्याचाच सल्ला मिळतो, आणि तिच्या परिस्थितीत तो योग्यही असू शकतो. ती गावी परतते. शेजारीण तिच्याकडे बघून काय शिकेल? ‘लवकर गेली, तरी कापलंच.’ तिचं हे अनुमान अनुभवातून आलेलं आहे, आणि त्याला पत्रकाने उत्तर देता येत नाही.

एवढ्या सगळ्याला पैसा कुठून आणायचा, पॅथॉलॉजिस्ट कुठून आणायचे, हा आक्षेप शेवटी उरतोच आणि तो पोकळ नाही. प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ नेमणं नजीकच्या काळात होणार नाही. मात्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला वार फक्त गाठींसाठी राखून ठेवता येईल, जेव्हा सर्जन, सोनोग्राफी आणि सुई एकाच छपराखाली, एकाच खेपेत मिळतील आणि तपासणाऱ्यांत एक तरी स्त्री असेल. नमुना तपासायला पॅथॉलॉजिस्ट त्याच गावात असण्याची गरज नाही. मेणात बसवलेला तुकडा डब्यात घालून पुण्याला, नागपूरला, मुंबईला जाऊ शकतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून देशभरची कॅन्सर रुग्णालयं एका जाळ्यात जोडली गेली आहेत, ती यासाठी वापरता येतील. आणि ज्या वहीत बाईचं नाव लिहिलं जाईल तिच्यात पुढे दोन रकाने हवेत: दाखवल्याची तारीख, रिपोर्ट सांगितल्याची तारीख. दुसरा रकाना महिना उलटूनही रिकामा राहिला तर तिला फोन करणं हे कुणाचं काम, त्या कर्मचाऱ्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर.